सुट्टी कुणाच्या जिवावर?

मार्च उलटत आला, वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागलं, की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, सुट्टीत याला कुठं घालू?" हे 'घालू' मला दरवर्षी खुपतं. लोणचं बरणीत घालतात, पीठ डब्यात घालतात. मूल सुट्टीत कशात तरी घातलं पाहिजे, मोकळं राहिलं तर ते नासेल, अशी समजूत त्या एका क्रियापदात दडलेली आहे. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "घरात बसून मोबाईलच बघालंय." आणि तिसरं, थोडा आवाज खाली आणून, "फार फी नसलेलं काही असलं तर सांगा."

आवाज खाली का यावा? स्वस्त भाजी विचारताना कुणी आवाज उतरवत नाही. पण मुलासाठी स्वस्तातलं काही मागताना आई-बापांना ओशाळल्यासारखं होतं. महागड्या शिबिराची पावती खिशात असली की आपण मुलासाठी काही केलं, असं मनाला सांगता येतं. मैदानावर सोडून दिलं तर काय सांगणार? एकीकडे 'फुकट ते पौष्टिक' अशी थट्टा करायची, आणि दुसरीकडे फुकटच्या गोष्टीला मनातून कवडीची किंमत द्यायची नाही, असा आपला दुहेरी व्यवहार आहे. म्हणून 'सुट्टी स्वस्तात कशी घालवावी' हा प्रश्न वरवर घरखर्चाचा दिसला तरी त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न आहे. फुकट म्हणजे काय? आणि जे मुलाला फुकट मिळतं, ते देतं कोण?

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे नुसत्या तत्त्वचर्चेचा आळ यायला नको. आमच्या भागात पैसा न मोडता सुट्टी घालवण्याजोगं पुष्कळ आहे. बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. आता झाडं गेली, ऊन वाढलं, तरी सकाळचे पहिले दोन-तीन तास अजून आपले आहेत. तेवढ्यात मुलांना घेऊन किल्ल्यात जावं. खंदक ओलांडून आत गेलं की थोड्या चालण्यात केवढा काळ पायाखालून जातो! रट्टांच्या काळातली, १२०४ सालची कमल बस्ती आहे. तिच्या छतातून खाली उमललेलं दगडी कमळ मुलांनी मान वाकडी करून पाहावं आणि घरी येऊन आठवणीनं कागदावर काढावं. पाकळ्यांची संख्या चुकेल. मग पुन्हा जावं. त्याच तटांच्या आत साफा मशीद आहे आणि रामकृष्ण आश्रमही आहे. विवेकानंद १८९२ साली बेळगावात येऊन राहिले होते, हे मुलांना तिथेच उभं करून सांगितलं तर पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा अधिक टिकतं. खर्च म्हटला तर घरून भरून नेलेली पाण्याची बाटली.

टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून आपण रोज जातो, पण तिथे थांबत नाही. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं. गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच वेळी. जमणाऱ्या लोकांना पाणी पुरावं म्हणून ही विहीर खणली. इतिहासात ठरावांची नावं पाठ करावी लागतात. इथे मुलाला कळतं की एवढी माणसं बोलवायची तर आधी त्यांच्या पाण्याची सोय कुणीतरी पाहिलेली असते. मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

सार्वजनिक वाचनालय आहे, एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं. त्याची वर्गणी एका पिझ्झ्याला जड नाही. मे महिन्यात खानापूरच्या बाजूला करवंदं, जांभळं, फणस यांचे दिवस असतात. मुलांना बरोबर घेऊन एखाद्या नातेवाइकाच्या शेताकडे जावं आणि करवंदाच्या जाळीत हात घालून ओरखडे काढून घ्यावेत. पानाच्या द्रोणातून विकत मिळणारं करवंद काय कष्टानं बाजारात येतं, ते त्या ओरखड्यांतून समजतं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. एवढी मोठी नदी सुरुवातीला केवढीशी असते, हे पाहून मुलं हिरमुसतात. ते हिरमुसणंही चांगलं.

खेळांचं तर विचारायलाच नको. लगोरीला कन्नडमध्येही लगोरीच म्हणतात. आमची विटीदांडू त्यांच्याकडे चिन्नीदांडू होते आणि लपंडावाला कण्णामुच्चाले म्हणतात. गल्लीत एकत्र खेळणारी पोरं या शब्दांची अदलाबदल न शिकवता करतात. चेंडू मारला, राज्य आलं, तू लबाडी केलीस, पुन्हा खेळू, ही वाक्यं ज्याला शेजारच्या भाषेत भांडताना बोलता येतात, त्याला ती भाषा येते, असं मी समजतो. मातृभाषेच्या शाळेसाठी आम्ही सीमाभागातल्या माणसांनी आयुष्यं घातली आहेत. त्या आग्रहात तीळमात्र उणेपणा न आणता सांगतो, शेजाऱ्याची भाषा शिकण्याची सर्वांत चांगली शाळा अंगण आहे आणि तिला फी नाही. अलीकडे मात्र याच शहरात 'बोला कन्नड' शिकवणाऱ्या सुट्टीतल्या वर्गांना पैसे भरून जाणारी मुलं मला ठाऊक आहेत. ज्यांच्या घराची भिंत कन्नड घराला लागून आहे, अशी मुलं!

इथवर लिहून थांबलो असतो तर दिवाळी अंकात शोभणारा एक स्मरणरंजनाचा लेख झाला असता. आमच्या पिढीला तशी सवयच आहे. आमच्या वेळी असं होतं, आम्ही चिंचोके खेळत होतो, मामाच्या गावाला जात होतो, एक पैसा खर्च होत नव्हता. इथेच मला अडखळायला होतं. पैसा खर्च होत नव्हता हे खरं. पण म्हणून ते फुकट होतं का?

मामाच्या गावाचंच घ्या. नाव मामाचं, पण ते गाव चालवत होती मामी. पाच-सहा भाचरं महिनाभर उतरायची. सकाळी भाकरी, दुपारी आंब्याचा रस, संध्याकाळी पुन्हा चूल, धुण्याचे ढीग, कुणाला ताप, कुणाचा गुडघा फुटलेला. शिवाय त्याच दिवसांत सांडगे, कुरडया, पापड, वर्षाचं तिखट. गच्चीवर कुरडया राखायला आम्हांला बसवत आणि आम्ही ओला चीक खात बसायचो, ही आठवण सगळेच खुलून सांगतात. त्या चिकासाठी तीन दिवस गहू कुणी भिजवले, पहाटे उठून कुणी वाटले, हे सांगताना कुणी आढळत नाही. ती महिनाभर माहेरी जाऊ शकली का? तिला कुणी विचारलं होतं का? सुट्टी मुलांची, कौतुक मामाचं आणि दाम मामीचा. जुन्या काळातल्या त्या सोन्यासारख्या सुट्ट्या अशा एका बाईच्या जिवावर उभ्या होत्या, जिला हो-नाही म्हणायची सोय नव्हती.

तेव्हा आजच्या नोकरी करणाऱ्या आईला 'आमच्या वेळी असली शिबिरं नव्हती' म्हणून टोमणे मारणाऱ्या आजी-आजोबांच्या बाजूला मी नाही. ती सकाळी डबा करून बँकेत किंवा दवाखान्यात कामाला जाते. तिनं फी भरून चार तास विकत घेतले, तर ती कुणालाही राबवून घेत नाही. तिचा व्यवहार मामीच्या जिवावर चाललेल्या सुट्टीपेक्षा निदान स्वच्छ आहे.

पैशाचा हाच मोठा गुण आहे. तो हिशेब मिटवतो. फी दिली, पावती घेतली, कुणाचे उपकार राहिले नाहीत. मान ताठ. आणि माझ्या मते पैशाचा मोठा दोषही नेमका हाच आहे. हिशेब मिटला की बहुधा संबंधही मिटतो. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा एक अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला काही पालक उशिरा यायचे आणि शिक्षिकांना ताटकळत बसावं लागायचं. म्हणून त्यांपैकी ६ पाळणाघरांत उशिराबद्दल दंड लावून पाहिला. उशीर कमी होईल अशी कुणाचीही अपेक्षा असेल. झालं उलटं, उशिरा येणारे वाढले. जोवर दंड नव्हता, तोवर 'बाई आपल्यासाठी थांबल्या आहेत' ही टोचणी होती. दंड लागल्यावर ती टोचणी गेली आणि थांबणं ही पैसे देऊन घ्यायची एक सोय झाली. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही. मला या अभ्यासातला हा शेवटचा भाग धसका देणारा वाटतो. एकदा किंमत लागली की ती पुसूनही जुनी भीड परत येत नाही.

भीड हा शब्द मी मुद्दाम वापरतो. संस्कृत ग्रंथांत यालाच ऋण म्हटलं आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, माणसांचं ऋण. ते फेडायचं कसं? माणसांना घरी राहायला ठेवून आणि त्यांना अन्न देऊन. यज्ञ नको, मंत्र नकोत. मला हे वाचताना नेहमी मे महिना आठवतो. घरी राहायला ठेवणं आणि जेवू घालणं, याहून सुट्टी आणखी काय असते? पण त्या वचनातली एक बाजू आपण विसरतो. हे ऋण घराच्या धन्याचं आहे. ज्याचं ऋण, त्यानं ते फेडायचं. आपण धन्याचं ऋण फेडायला धनीणबाईला कामाला लावलं आणि पुण्याच्या खात्यावर मात्र नाव धन्याचं घातलं.

आमच्या शेजारच्या भाषेत एक शब्द आहे, दासोह. बसवण्णांच्या शरण परंपरेतला. मठात जेवण असतं त्याला आमच्याकडची मराठी माणसंही सहज दासोह म्हणतात, पण त्याचा अर्थ थांबून पाहत नाहीत. 'मी दास आहे' अशा भावनेनं जे वाटायचं, ते दासोह. दान देणारा वर उभा असतो आणि घेणाऱ्याचा हात खाली असतो. दासोहात देणारा स्वतःला खालच्या पायरीवर ठेवतो. त्याच्या जोडीला कायक हा शब्द येतो, म्हणजे स्वतःच्या अंगमेहनतीचं काम. आधी कायक, मग त्यातून दासोह. दुसऱ्याच्या मेहनतीतून आपण दासोह करू शकत नाही, ही त्यातली मेख आहे. दुसऱ्याला राबवून जे वाटलं जातं, त्याला आपल्या मराठीत साधा शब्द आहे, वेठ. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींत पैसे पडत नाहीत, दोन्हींत पानं उठतात. फरक एवढाच की एकात देणाऱ्यानं आपखुशीनं दिलेलं असतं.

मग सुट्टीतल्या प्रत्येक फुकटच्या गोष्टीला हा प्रश्न लावून पाहावा असं मला वाटतं. हे दासोह आहे की वेठ? किल्ल्याला घेऊन जाणारे काका आनंदानं येतात की 'निवृत्त आहेत, रिकामेच असतात' म्हणून त्यांच्या गळ्यात सहा पोरं बांधली जातात? शेजारच्या आजी गोष्टी सांगतात हे खरं, पण त्यांना दुपारी पडायला वेळ उरतो का? वरच्या मजल्यावरच्या ताईची बारावी झाली आहे, ती मुलांना चित्रकला शिकवील, असं तिच्या आईनं परस्पर कबूल केलं आहे की तिला विचारलं आहे? आपल्याकडे मायेच्या नात्यात विचारणं हा परकेपणा समजतात. मला ते पटत नाही. मायेच्या माणसाला नाही म्हणणं सर्वांत कठीण असतं. म्हणून त्यालाच आधी विचारलं पाहिजे.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या बायकामुलींना राज्याच्या साध्या गाड्यांतून राज्यात कुठेही विनाशुल्क प्रवास. सौंदत्तीला, गोकाकला, खानापूरला जाणाऱ्या गाड्यांत लेकरं कडेवर घेतलेल्या बायका दिसतात, त्यांतल्या कित्येकींना पूर्वी नवऱ्याकडे भाड्याचे पैसे मागावे लागत. योजनेवर टीका करणारे पुष्कळ आहेत. मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडते. कंडक्टर त्या बाईलाही तिकीट देतो. त्यावर रक्कम शून्य. कारण तो प्रवास सरकारकडून महामंडळाला भरून यायचा असतो आणि सरकारला तो तुमच्या-माझ्या करातून भरायचा असतो. तिकीट शून्याचं असलं तरी कुणीतरी देणं लागतो, हे त्या चिटोऱ्यावर लिहिलेलं आहे. घरातल्या फुकट कामाला असं शून्याचं तिकीटसुद्धा कधी फाडलं गेलं नाही. फाडलं असतं, तर वर्षाअखेर मामीच्या पदरात केवढी थप्पी जमली असती!

आता एका वेगळ्या मुलाकडे वळतो. सुट्टीचे लेख ज्यांच्यासाठी लिहिले जातात, त्यांत तो नसतो. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात आई-बाप असलेल्या मुलाला सुट्टी हा शब्द निराळा ऐकू येतो. ज्या दिवशी शाळा बंद होते, त्या दिवशी दुपारचं शिजलेलं जेवणही बंद होतं. भूक काही वार्षिक परीक्षेनंतर रजेवर जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २० एप्रिल २००४ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला की दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं. कर्नाटकातल्या शाळांतल्या या जेवणाच्या योजनेला नावही अक्षर दासोह असंच आहे. सुट्टीत शाळेत कोण येतं, असं काहीजण विचारतात. येतात. थाळी घेऊन येतात, धाकट्या भावंडाला बोटाला धरून येतात. त्या मुलांसाठी शाळा हीच उन्हाळ्यातली फुकटची जागा असते. आणि तिथे स्वयंपाक करणाऱ्या बायका फार तुटपुंज्या मानधनावर राबतात, तेव्हा दासोह की वेठ हा प्रश्न सरकारलाही विचारावाच लागतो.

अशा मुलाला कुणी म्हटलं की 'बाबा रे, घेतलंस ते फेड', तर ते क्रूरपणाचं होईल. म्हणून ऋणाची गोष्ट मी सर्वांना एकाच मापानं लावत नाही. ज्याच्या ताटात आधीच पुरेसं आहे, त्याच्याशीच माझं बोलणं आहे. आपल्या मध्यमवर्गी मुलांचं दुखणं काहीसं उलटं आहे. त्यांना मिळतं सारं आणि ते कुणाकडून आलं हे त्यांना दिसत नाही. शिबिरात सरबत येतं, रंग येतात, बस येते, सगळं फीमध्ये असतं. घरी असतं ते आईमध्ये असतं. दोन्हीकडे देणारा अदृश्य.

तेव्हा मला कुणी विचारलं, सर, सुट्टीत याला कुठं घालू, तर माझं उत्तर जरा लांबतं. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकेक सकाळ वाटून घ्यावी. ज्यांना जमेल त्यांनीच. ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं सांगावं आणि त्यांना कुणी बोल लावू नये. ज्याला जे येतं ते. सायकलचं पंक्चर काढणारा बाप काही भरतकाम शिकवणाऱ्या आईपेक्षा कमी नाही. माझं तर मत असं की मुलांनी पंक्चर काढायला शिकणं हे 'व्यक्तिमत्त्व विकास' या भारदस्त नावाखाली जे काही चालतं त्यापेक्षा अधिक मोलाचं आहे, पण तो वाद पुन्हा कधीतरी. कन्नड घर असलं तर त्या सकाळी मराठी पोरांनी त्यांची भाषा बोलावी, अडखळत का होईना, आणि त्यांच्या पोरांनी आपल्याकडे मराठी. आणि प्रत्येक सकाळी जिथे मूल काही घेतं, तिथे त्यानं काही करूनही यावं. आजींचा चष्मा पुसून, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवावं. अंगणात पाणी मारावं. कपबशा विसळाव्यात, मुलग्यांनीसुद्धा, किंबहुना त्यांनीच आधी. हे शिक्षा म्हणून नव्हे. आपण कुणाच्या तरी वेळातून खेळलो, हे हातांना कळावं म्हणून. सांगून कानांना कळतं, पण कानांचं फार दिवस राहत नाही, असा शाळेतला अनुभव आहे.

आणि देणाऱ्यानं? त्यानं या हिशेबाची वही उघडू नये. 'मी तुमच्या बंड्याला एवढं शिकवलं' असं ज्यानं चारचौघांत म्हटलं, त्यानं फी वसूल केली म्हणून समजावं. बहुधा शिबिरापेक्षा ती महागच पडते.

नात्यांचं मात्र आम्हां सीमेवरच्या लोकांचं एक वेगळं गणित आहे आणि दरवर्षी ते सोडवावं लागतं. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा भरतात. महाराष्ट्रात मे महिन्याच्या आरंभी सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. बेळगावची आणि कोल्हापूरची भावंडं दोघंही मोकळी असतात असे जेमतेम चार आठवडे. एका बाजूची पोरं सुरुवातीला एकटी कंटाळतात, दुसऱ्या बाजूची शेवटी. दोन राज्यांच्या शिक्षणखात्यांनी आखलेली ही रेघ नकाशावर दिसत नाही, पण प्रत्येक घरात ती जाणवते. त्या चार आठवड्यांतच जाणं-येणं, लग्नं, मुंजी, आंबे, सगळं बसवायचं असतं. आणि सगळ्या बाजूंनी माणसं ज्या घरी एकदम उतरतात, तिथल्या गृहिणीच्या तोंडाकडे कुणी पाहत नाही.

त्या दिवसांत एक फुकटचा खेळ आकाशही दाखवतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी बेळगावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास अंगणात सरळ उभा ठेवलेला पाण्याचा तांब्या किंवा काठी यांची सावली पायाशी गोळा होऊन नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. पणजीला तो आमच्याआधी एक-दीड दिवस येतो आणि कोल्हापूरला आमच्यानंतर तीनेक दिवसांनी. सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, त्याला वाटेत चेकपोस्ट लागत नाही. लागोपाठ चार-पाच दिवस मुलांनी तीच काठी रोवून सावलीची लांबी खडूनं मांडली तर कमाल दिवस कोणता, हे त्यांना स्वतःच काढता येतं. गोव्याची आत्या, आपण आणि कोल्हापूरचा मामा, असे तिघे मिळून फोनवर एकमेकांना कळवत राहिले तर पृथ्वीचा एक तुकडा मुलांनी मोजल्यासारखा होईल. आणि बेळगावात सावली गेलेली पाहून दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली, तर निपाणीवरून कोल्हापूर गाठून ती पुन्हा एकदा जाताना पाहता येईल.

फक्त साडेबारा ही मामीची पानं घ्यायची वेळ असते. तेव्हा तिला आधी फोन करून विचारावं. आणि ती हो म्हणाली, तर काठी रोवायला अंगणात तिलाही बोलवावं. ताटं पोरं मांडतील.